शहर सगळ्यांचं, मग चावी कोणाकडे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी रोलप्लेइंग गेमसाठी सगळ्यांनी मिळून एखादं काल्पनिक शहर कसं उभं करायचं, यावरची पत्रं घेतली आहेत. बहुतेक पत्रं वऱ्हाडातून आणि झाडीपट्टीतून आली, म्हणून उदाहरणंही तिकडचीच. नव्या वाचकांसाठी एवढंच: डीएम म्हणजे खेळ चालवणारा, बाकीचे एकेक पात्र घेऊन खेळतात, आणि काय घडलं ते बोलण्यातून व फाशांतून ठरतं.

प्रश्न: आम्ही पाच जण दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. मी डीएम. दोन महिने खपून शहराचा वीस पानी इतिहास लिहिला, पण खेळताना कोणालाच राजाचं नावसुद्धा आठवत नाही. सगळे मिळून शहर बनवतात म्हणे. ते नेमकं कसं करायचं? (दर्यापूर तालुका)

उत्तर: वीस पानं फाडू नका, पण कपाटात ठेवा. एका बैठकीत, अडीच ते तीन तासांत, शहर उभं राहतं. साहित्य फार नाही: २२ × २८ इंचाची एक पांढरी कार्डशीट, पेन्सिली, खोडरबर, ए-फोर कागदाचे चार-चार तुकडे करून तीसेक चिठ्ठ्या आणि मोबाइलचा टायमर. पेन त्या दिवशी घरीच ठेवा. पेनने काढलेली नदी कोणी हलवत नाही, मग सगळं शहर त्या वाकड्या नदीभोवती वाकत जातं.

पहिली वीस मिनिटं एका चिठ्ठीवर दोन रकाने पाडा: ‘चालेल’ आणि ‘नको’. प्रत्येकाने दोन्हीत एकेक गोष्ट लिहायची, अशा दोन फेऱ्या. बेन रॉबिन्स यांच्या ‘मायक्रोस्कोप’ या २०११ च्या खेळात अशी यादी सुरुवातीलाच करतात, आणि तिच्यावाचून बैठक भरकटते. यादीत सगळ्यांना ठाऊक असलेलं लिहू नका. ‘जादू आहे’ लिहून काहीच कळत नाही. ‘मेलेला माणूस परत येत नाही’, ‘बंदुकीची दारू अजून कोणाला सापडलेली नाही’, ‘देव बोलतात, पण खोटंही बोलतात’, असं लिहा. ‘नको’च्या रकान्यात कोणी काही टाकलं तर का, असं विचारायचं नाही.

मग दोनच वाक्यं सगळ्यांनी मिळून ठरवायची: शहर इथेच का वसलं, आणि इथे कशाची टंचाई आहे? एकमत फक्त या दोन वाक्यांपुरतं हवं. तुमच्या भागातलंच घ्या. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. समजा शहराचं नाव खारवण. बैलगाड्यांना नदी ओलांडता येते अशी ती एकच जागा, म्हणून तिथे पेठ बसली. आणि शहरातल्या सगळ्या विहिरी खाऱ्या, गोडं पाणी वेशीबाहेरच्या एका तलावाचं. लगेच माणसं दिसायला लागतात: पखाली वाहणारे, तलावाच्या दाराची चावी सांभाळणारा, रात्री पाणी चोरणारे, सोयरिकीत मुलीकडच्यांना गोड्या पाण्याचे हंडे देणारे. राजा कोण हे अजून ठरलेलंही नाही, आणि त्यावाचून काही अडलं नाही.

तिसऱ्या पायरीला प्रत्येकाने एक मोहल्ला घ्यायचा. टायमर तीन मिनिटं. चिठ्ठीवर चार गोष्टी: नाव, तिथे काय बनतं किंवा विकलं जातं, आत शिरल्यावर आधी कसला वास किंवा आवाज येतो, आणि तिथे शब्द कोणाचा चालतो. वाचून दाखवल्यावर डावीकडच्या गड्याने एकच प्रश्न विचारायचा. कोणी म्हणालं, ‘माझ्या मोहल्ल्यात सूत रंगवतात.’ डावीकडचा विचारतो, ‘खाऱ्या पाण्यात रंग नीट बसत नाही, मग गोडं पाणी आणता कुठून?’ ‘रात्री, तलावावरून.’ झालं. मोहल्ल्याला धंदा होता, आता गुन्हाही मिळाला, आणि तो डीएमने लिहिलेला नाही. फेरीची सुरुवात नेहमी सगळ्यात गप्प बसणाऱ्यापासून करा. शेवटी नंबर आला की तो ‘माझंही तसंच काहीतरी’ म्हणून मोकळा होतो.

चौथ्या पायरीला प्रत्येकाने एक माणूस द्यायचा, स्वतःचं पात्र सोडून. त्याला काय हवंय, आणि तो कोणाला नाही म्हणू शकत नाही. पाचव्या पायरीला भांडणं. प्रत्येकाने दोन मोहल्ल्यांमध्ये वैर लावायचं, पण त्यातला एकही स्वतःचा नको. स्वतःच्या मोहल्ल्याचं भांडण लिहायला दिलं की आपली बाजू धुतल्या तांदळासारखी निघते आणि त्यात खेळण्यासारखं काही उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात ती लिहिणाऱ्याचं आद्याक्षर टाका. पुढे त्या मोहल्ल्याबद्दल काही विचारायचं झालं की उत्तर तोच देणार. ‘तुझ्या मोहल्ल्यात रात्री शेवटचा दिवा कुठला विझतो?’ असं डीएमने खेळता खेळता विचारावं. शहर सगळ्यांचं म्हटलं आणि कुठल्या गोष्टीवर कोणाचा शब्द शेवटचा हेच ठरवलं नाही, तर चार बैठकांनी ते पुन्हा एकट्या डीएमचं होतं. बहुतेक गटांचं गाडं इथेच अडतं. कल्पना कमी पडल्या म्हणून शहर फसल्याचं क्वचितच दिसतं.

आणि थांबा. पाच जणांचे पाच मोहल्ले, डीएमचा एक धरून. पंधरा काढायचा मोह होतो, पण पहिल्या तीन सेशनमध्ये पात्रं दोन मोहल्ल्यांच्या पुढे जात नाहीत. कार्डशीटचा तिसरा हिस्सा कोरा ठेवा.

प्रश्न: शहर किती मोठं असावं? आम्ही लोकसंख्या पाच लाख ठरवली आहे. (चिखली)

उत्तर: एक शून्य खोडा, आणि जमलं तर पाचाचा एक करा. तटबंदीच्या, बैलगाडीच्या काळातल्या शहराला दहा हजार माणसं पुष्कळ झाली.

हिशेब करून बघा. माणशी दिवसाला ६०० ग्रॅम धान्य धरलं तर दहा हजारांना रोज ६० क्विंटल लागतं. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, दहा क्विंटल भरलं तर रोज सहा बंड्या वेशीतून आत आल्या पाहिजेत, पावसाळ्यात रस्ते चिखलाने बंद होतात तेव्हाची बेगमी वेगळी. वर्षाचे झाले सुमारे २२,००० क्विंटल. कोरडवाहू ज्वारी एकरी तीन-चार क्विंटल पिकली आणि त्यातली निम्मी गावात खायला, बियाण्याला राहिली, तर शहराला ११ ते १५ हजार एकर पेरा लागतो. रान, कुरण, पडीक धरून शहराच्या चहूबाजूंना सात-आठ किलोमीटरपर्यंतचा मुलूख झाला. बंडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते, म्हणजे कास्तकार पहाटे निघून माल टाकून दिवे लागायला घरी. पाच लाखांच्या शहराला रोज ३०० बंड्या लागतील, आणि त्या पन्नास किलोमीटरवरून येतील तेव्हा वाटेतच बैल किती खातील तेही मोजावं लागेल. जलमार्ग किंवा जादू दिल्याशिवाय असं शहर जगत नाही. जादू द्यायची असेल तर द्या, पण मग शहराची मान त्या जादूवाल्याच्या हातात जाते हे विसरू नका.

पाण्याचा हिशेब याहून कामाचा. माणशी २० लिटर म्हणजे रोज दोन लाख लिटर, २०० घनमीटर. एक हेक्टरच्या तलावात मीटरभर पाणी असेल तर ते १०,००० घनमीटर. वाटेल पन्नास दिवस पुरेल. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तलावाचं पाणी रोज सेंटिमीटरभर तर नुसतं उन्हाने उडतं, म्हणजे आणखी १०० घनमीटर. तळं तेहतीस दिवसांत कोरडं. फेब्रुवारीअखेर ते जूनअखेर असे १२० दिवस काढायचे तर दोन हेक्टरचा तलाव किमान २.४ मीटर खोल लागतो, त्यातला अर्धा सूर्यच पितो. गुरांचं आणि झिरपणाऱ्या पाण्याचं यात धरलेलं नाही. तलावाच्या काठावर एक खांब रोवा, त्यावर खुणा करा आणि दर सेशनला एक खूण उतरवा. खेळाडूंना दुष्काळाचं भाषण द्यावं लागत नाही, ते स्वतःच आधी खांबाकडे बघतात. पाळ कोणी बांधली, सांडव्याची उंची कोण ठरवतं, पाटाचं पाणी आधी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, हे भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या तलावांवर, शेती करणाऱ्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. कुठल्याही नियमपुस्तकात नसतील एवढे डावपेच ऐकायला मिळतील.

दहा हजार माणसं एकरी शंभर या दाटीने बसवली तर शहर शंभर एकरांत मावतं, म्हणजे साधारण ६४० मीटर बाजूचा चौकोन. या टोकाहून त्या टोकाला पायी दहा मिनिटं. चोराच्या मागे धावायचं झालं तर हा आकडा लागतो.

प्रश्न: नकाशा काढायला बसलो की सगळे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ होतात. खरं शहर वाटत नाही. (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर: तुम्ही रस्त्यांपासून सुरुवात करता म्हणून. आधी उतार ठरवा, मग पाणी, मग दरवाजे. रस्ते आपोआप दरवाजांकडून पाण्याकडे आणि बाजाराकडे जातात, वाड्यांना वळसे घालत.

प्रमाण ठेवा: एक सेंटिमीटरला वीस मीटर. वरचा ६४० मीटरचा चौकोन ३२ सेंटिमीटरचा होतो आणि कार्डशीटवर वेशीबाहेरचा तलाव, शेतं, मसणवटा काढायला जागा उरते. रुपयाचं नाणं अंदाजे दोन सेंटिमीटर, म्हणजे नकाशावर चाळीस मीटर. एवढ्यात मोठा चौसोपी वाडा बसतो. राजवाडा काढणाऱ्याचा हात सैल सुटतो, त्याच्यापुढे नाणं ठेवा. दोन हेक्टरचा तलाव सात सेंटिमीटरचा चौरस येतो. पिण्याचं पाणी उताराच्या वर घ्या. कातडी कमावणं, रंग, कत्तलखाना खाली. वरच्या अंगाला एखादा घाण धंदा मुद्दाम टाकलात तर तो तिथे कोणाच्या वशिल्याने टिकलाय हे लिहून ठेवा.

दरवाजांसाठी तुम्हाला लांब जायला नको. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला, म्हणजे तटबंदीला, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत, शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. त्यातल्या एकीला चोर खिडकी म्हणतात, एकीला मसण खिडकी. तुमच्या शहरालाही असे दोन आकार द्या: दरवाजा सगळ्यांचा, खिडकी कोणातरी एकाची. प्रत्येक भोकासाठी तीन ओळी पुरतात: रखवाली कोणाची, जकात कोण घेतं, आणि कोणाला इथून येता येत नाही. मसण खिडकीतून फक्त मेलेले बाहेर जात असतील, तर तिथून कोणी आत आलं त्या रात्री शहर काय करतं, हे टेबलावर विचारून बघा. नावं मात्र तुमची घ्या. चंद्रपूरचं चंद्रपूरला राहू द्या, नाहीतर ‘तिथे तर बसस्टँड आहे’ असं कोणीतरी म्हणतंच.

पेनने गिरवायचं ते सेशन संपल्यावर, आणि त्या दिवशी खेळात जे प्रत्यक्ष आलं तेवढंच. न आलेली गल्ली पेन्सिलीतच राहते, तिचा मालक ती केव्हाही हलवू शकतो. दर वेळी वरून सरळ फोटो काढा. कार्डशीटची घडी घालू नका. गुंडाळून तीन इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, दोन्हीकडे टोपण लावून ठेवा. ओल आणि वाळवी दोन्ही टळतात.

प्रश्न: आमच्यातला एक जण लय आगाऊ हाये. कोनी काई म्हनलं का थो म्हनते, ‘थे नाई, माह्या ड्रॅगननं थो मोहल्ला जाळला.’ आमी मंग चूप बसतो. काय करावं? (तिवसा)

उत्तर: भांडू नका, त्याला खर्चात पाडा. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाला तीन चिंचोके द्या. शहरात नवी गोष्ट टाकायला एक चिंचोका मध्ये ठेवायचा. तिन्ही संपले की पुढची फेरी येईतो फक्त प्रश्न विचारायचे. आगाऊ गड्याचे चिंचोके पहिल्या दहा मिनिटांत संपतात.

नकाराची कारणं दोनच ठेवा: ती गोष्ट ‘नको’च्या रकान्यात आहे, किंवा शहराच्या दोन वाक्यांना छेद देते. ‘मला आवडलं नाही’ हे कारण चालत नाही. त्याऐवजी एक प्रश्न सगळ्यांच्या हातात असू द्या: शहराला हे कितीला पडतं? ड्रॅगन आहे? असू द्या. त्याला रोज दोन रेडे लागतात. ते कोणाच्या गोठ्यातून जातात, मोबदला कोण देतं, आणि ज्याचा रेडा गेला तो माणूस आज रात्री कुठे बसलाय? तीन प्रश्नांत ड्रॅगन सगळ्या टेबलाचा होतो. दुसऱ्याचा मोहल्ला जाळायचा मात्र त्याला अधिकारच नाही. कोपऱ्यातलं आद्याक्षर बघा. मालक हो म्हणाला तरच आग.

एव्हरी आल्डर यांच्या ‘द क्वाएट इयर’ या नकाशा काढण्याच्या खेळात एक छान सोय आहे. आपल्याला न विचारता निर्णय झाला असं वाटलं की वाद न घालता समोरचं एक टोकन उचलून स्वतःपुढे ठेवायचं. तुम्ही तुरीचे दाणे वापरा. कोणापुढे किती जमले ते सगळ्यांना दिसतं, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. ज्याला त्याने पुरत नाही त्याला पारावर एकट्याला गाठून सांगा, सगळ्यांसमोर नको.

प्रश्न: सगळंच सगळ्यांनी ठरवलं तर गुपित काय राहिलं? (साकोली)

उत्तर: खेळाडूंनी ‘काय’ ठरवायचं, डीएमने ‘का’. चावी सांभाळणारा म्हातारा दर अमावास्येला तलावावर एकटा जातो, हे खेळाडूने लिहिलं. का जातो ते डीएम घरी जाऊन ठरवतो.

याला जोड म्हणून अफवांच्या चिठ्ठ्या करा. पाच जणांनी दोन-दोन लिहिल्या की दहा झाल्या. डीएमने त्या घरी नेऊन तीनवर ‘खरी’, चारवर ‘अर्धी’, तीनवर ‘खोटी’ अशी मागे खूण करायची आणि कोणाला दाखवायची नाही. अर्ध्या अफवाच सगळ्यात जास्त खेळ देतात. म्हातारा खरंच जातो, पण पाणी चोरायला नाही, दार अजून बंद आहे ना ते बघायला. दाराच्या पलीकडे पाणीच आहे असं कोणी कुठे लिहिलंय?

एक पथ्य. अफवा सोडल्या तर आद्याक्षर टाकलेली चिठ्ठी डीएमने खोटी पाडायची नाही. ‘तुला वाटलं तो साधू, पण तो मुळात राक्षस’ असं केलं की खेळाडू पुढच्या वेळी काही देत नाही. साधू साधूच राहू द्या, पण त्याच्या मठातली धान्याची कोठी कोणाच्या पैशाने भरते ते तुम्ही ठरवा. आणि कोणाच्या मोहल्ल्यावर मोठी आपत्ती आणायची असेल तर आदल्या दिवशी मालकाला फोन करा. सरप्राइज बिघडत नाही. उलट तोच चांगल्या कल्पना देतो.

प्रश्न: आम्हाला शहरात सावकारी, कर्ज, नापिकी घ्यायची आहे, कारण तेच आम्हाला माहीत आहे. पण गटातल्या एकाच्या घरी तसं घडून गेलंय. शिवाय जातींचं काय करावं? (यवतमाळ जिल्हा, गावाचं नाव देऊ नये)

उत्तर: कर्ज घ्या. काल्पनिक शहरात सावकाराची वही ही तलवारीपेक्षा भारी वस्तू आहे, आणि ती कशी चालते हे तुमच्या गटाइतकं थोड्यांना ठाऊक असेल. व्याज दर सेशनला चढतं, गहाण काय ते चिठ्ठीवर असतं, आणि वही जाळली तर कर्ज जातं की राहतं यावर शहरात दोन तट.

आत्महत्या मात्र ‘नको’च्या रकान्यात डीएमने स्वतःच्या हाताने, पहिल्या फेरीत, पहिली गोष्ट म्हणून लिहावी. ज्याच्या घरी घडलंय त्याला ती लिहायला लागू नये, आणि त्याच्याकडे कोणी बघूही नये. गटातल्या कोणालाही ती खेळात हवी असेल तरी एकाचा नकार पुरेसा. त्याशिवाय टेबलाच्या मध्ये एक कोरी चिठ्ठी पडू द्या, जॉन स्टाव्हरोपोलोस यांच्या ‘एक्स कार्ड’सारखी. कोणीही तिच्यावर बोट ठेवलं की चालू प्रसंग तिथेच सोडायचा आणि पुढे जायचं. कारण विचारायचं नाही, नंतरही नाही. सुरुवातीला एकदा गंमत म्हणून डीएमनेच बोट ठेवून दाखवावं, म्हणजे पहिलं बोट ठेवण्याचा संकोच जातो.

जातींची खरी नावं नकोत. खऱ्या जातीला एल्फ किंवा ऑर्क, म्हणजे खेळातली माणसाहून वेगळी काल्पनिक जमात, बनवणं तर मुळीच नको. ते कितीही कौतुकाने केलं तरी टेबलावरच्या कोणाला तरी लागतं, आणि तो बहुतेक वेळा बोलत नाही. पण ‘आमच्या शहरात भेदभाव नाहीच’ असं लिहूनही शहर पोकळ होतं. अधिकारावर बोट ठेवा: गोड्या पाण्याच्या रांगेत कोण पुढे, कोणाचा हंडा वेगळा, हा नियम कोणी केला, कोण मोडतो. हा मोहल्ला कोणी घ्यायचा ते आपखुशीने ठरू द्या. ‘तूच घे, तुला माहीत आहे’ असं कोणाला म्हणू नका.

प्रश्न: दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की आमचा खेळ संक्रांतीपर्यंत बंद. परत बसतो तेव्हा शहर गार पडलेलं असतं. (हिंगणघाट)

उत्तर: तुम्ही थांबा, शहराला चालू द्या. शहरातल्या प्रत्येक गटासाठी एक गोल काढून त्याच्या आठ फाका करा, आणि गोलावर लिहा: फाका भरल्या की काय होणार. ‘पखालवाले तलाव ताब्यात घेणार.’ ‘नदी ओलांडायची दुसरी जागा सापडणार.’ तीन गोल पुरेत. दर आठवड्याला डीएमने प्रत्येक गोलासाठी एक साधा फासा टाकायचा: १ ते ३ पडले तर काही नाही, ४ किंवा ५ ला एक फाक, ६ ला दोन. सरासरी आठवड्याला दोन-तृतीयांश फाक भरते, म्हणजे आठ फाकांना बारा आठवडे. दिवाळी ते संक्रांत नऊ ते बारा आठवडे असतात. तुम्ही परत बसाल तेव्हा गोल साधारण काठाशी आलेले असतील, एखादा फुटलेलाही असेल. सहा फाका केल्या तर महत्त्वाचं सगळं तुमच्या पाठीमागे घडून जातं, तो अनुभव वाईट.

व्हॉट्सॲपवर आठवड्याला एकाच मोहल्ल्याची बातमी, मालकाच्या आवाजात, एक मिनिटाच्या आत. लांबलचक लिखाण वेचणीच्या दिवसांत कोणी वाचत नाही. नोकरीसाठी पुण्याला गेलेला गडीही यात राहतो.

प्रश्न: एका मित्राने एआयकडून शहराचा चाळीस पानी इतिहास काढून आणला. वापरावा का? (पुसद)

उत्तर: वर दर्यापूरच्या वाचकाच्या वीस पानांचं काय झालं ते बघा. नावांच्या याद्या, शंभर दुकानांचे फलक, यासाठी वापरा आणि नव्वद खोडा. बाकी त्यातल्या ज्या तीन ओळी तो मित्र न बघता सांगू शकेल तेवढ्या त्याच्या चिठ्ठीवर घ्या.

प्रश्न: नावं सुचत नाहीत. इंग्रजी ठेवली तर आपली वाटत नाहीत, मराठी ठेवली तर गंमत वाटते. (मेहकर)

उत्तर: शेपटं आपली घ्या आणि डोकं नवं लावा: -खेड, -पूर, -पेठ, -पुरा, झाडीपट्टीचं वाटायला हवं तर -टोला. दिवेपुरा, राखपेठ, सातसावलीखेड. नदीच्या दोन काठांना बुद्रुक आणि खुर्द द्या, वैर फुकटात मिळतं. माणसांची नावं तीन अक्षरांच्या आत ठेवा, आणि एकाच मोहल्ल्यात दोन नावं एका अक्षराने सुरू होऊ देऊ नका, टेबलावर घोळ होतो. हसू येतं ते पहिल्या सेशनपुरतं.

प्रश्न: तालुक्याला वीस बाजूंचा फासा मिळत नाही. कवड्या चालतील का? नियमांचं पुस्तकही महाग आहे. (धारणी)

उत्तर: कवड्या दिसायला झकास, पण हिशेबाला नाहीत. सहा कवड्यांत दोन ते चार उताण्या पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, शून्य किंवा सहा फार क्वचित. त्यात कवडीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. देवळातल्या कौलासाठी, शकुनासाठी ठेवा.

वीस बाजूंसाठी पत्ते घ्या. बदामचे एक्का ते दश्शी म्हणजे १ ते १०, इस्पिकचे एक्का ते दश्शी म्हणजे ११ ते २०. वीस पत्ते पिसून एक ओढायचा, बघून परत घालायचा आणि पुन्हा पिसायचा. परत घातला नाही तर एकदा निघालेला आकडा पुन्हा येत नाही, आणि शेवटी कोणता पत्ता उरलाय ते आधीच ओळखता येतं. दोन फासे टाकून मोठा घ्यायचा नियम असेल तिथे हेच दोनदा करा, दोन पत्ते एकदम ओढू नका. दहा बाजूंना नुसते बदाम, आठ बाजूंना अठ्ठीपर्यंत, चार बाजूंना चौकीपर्यंत. सहा बाजूंना लुडोचा फासा आहेच.

नियमांसाठी पैसे घालू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे. पीडीएफ चारशेच्या वर पानांची आहे, सगळी छापू नका. पात्र बनवणं, लढाई आणि पहिल्या-दुसऱ्या पातळीचे मंत्र एवढ्याच पानांची झेरॉक्स काढा.